उन्हाचा आकडा आणि माणसाचे अंग

एप्रिल उजाडला की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक वार्षिक चढाओढ सुरू होते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा आणि आमचे नागपूर यांपैकी आज कोणाचा पारा सर्वांत वर गेला हे पहिल्या पानावर चौकटीत छापले जाते, आणि ४५ च्या पुढचा आकडा दिसला की आम्हा नागपूरकरांच्या बोलण्यात तक्रारीबरोबर थोडा अभिमानही डोकावतो. माझे सासर चिपळूणचे. तिकडची मंडळी मे महिन्यात आमच्याकडे यायला धजावत नाहीत आणि मी तिकडे गेले की ३४ अंशांतच घामाने बेजार होते, त्यामुळे खरा उन्हाळा कोणाचा हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षे रंगत आला आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे, म्हणून निवाड्याचे काम माझ्याकडे येते. पण तो निवाडा तापमापकाकडे पाहून देता येत नाही. त्यासाठी माणसाला बंद खोलीत बसवून, ती खोली तापवून, त्याच्या शरीरात काय घडते ते मोजावे लागते. हे काम गेली अडीचशे वर्षे चालू आहे आणि अलीकडच्या पंधरा वर्षांत त्याने अनेक रूढ समजांना धक्का दिला आहे.

आधी शरीराचा जमाखर्च पाहू. नुसत्या बसून राहिलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते. चालताना, खणताना, ओझे वाहताना ती कित्येक पटींनी वाढते. आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकवायचे तर ही सगळी उष्णता त्वचेवाटे बाहेर पडत राहिली पाहिजे. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या जवळपास असते. भोवतालची हवा त्याहून थंड असेल तोवर उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा त्याहून जास्त तापली की हाच प्रवाह उलटतो आणि हवा शरीराला तापवू लागते. मग सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतो. म्हणजे तासाभरात लिटरभर घाम वाळवू शकणारे शरीर साडेसहाशे वॅटहून अधिक उष्णता फेकू शकते. ही व्यवस्था विलक्षण ताकदीची आहे, मात्र तिची सारी मदार घाम वाळण्यावर आहे. जो घाम कपाळावरून ओघळून जमिनीवर पडतो, त्याने शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे कमी होते, थंडावा काहीच मिळत नाही. आमच्याकडच्या कूलरचे उदाहरण घ्या: वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपत असते तोवर मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो खोली गारेगार करतो, आणि मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की त्याच पंख्याने, त्याच पाण्याने खोली नुसती कोंदट होते. घामाचा कारभारही हवेतल्या ओलाव्यावर असाच अवलंबून असतो.

हे प्रयोगाने तपासण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १७७४ साली लंडनमध्ये झाला. जॉर्ज फॉर्डाइस या डॉक्टरांनी तापवता येतील अशा खोल्या तयार केल्या आणि आपल्या काही मित्रांना प्रयोगासाठी बोलावले. त्यांत चार्ल्स ब्लॅगडेन होते, आणि कॅप्टन कुकसोबत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले जोसेफ बँक्स व डॅनियल सोलँडर हेही होते. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जवळपास तापलेल्या कोरड्या खोलीत ही मंडळी काही मिनिटे राहिली. पुढच्या प्रयोगात खोलीचे तापमान २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळपास १२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यात आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी कडक शिजली, मांसाचा तुकडा भाजून निघाला, आणि माणूस मात्र धापा टाकत का होईना, जिवंत बाहेर आला. एका कुत्रीलाही आत ठेवले होते. तापलेल्या फरशीने तिचे पाय भाजू नयेत म्हणून तिला टोपलीत बसवले होते, हा तपशील मला नेहमी थोडा हलवून जातो. ब्लॅगडेन यांनी आणखी एक साधी युक्ती केली. त्यांनी खोलीत पाण्याची भांडी ठेवली आणि त्यांतल्या एका भांड्यातल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर सोडला. तेलाखालचे पाणी उकळू लागले, उघडे पाणी मात्र उकळले नाही, कारण वाफेवाटे त्याची उष्णता सतत निघून जात होती. घामाचा सारा सिद्धान्त या दोन भांड्यांत सामावला आहे, आणि मी वर्गात हा विषय पाठ्यपुस्तकातल्या आकृतीऐवजी या भांड्यांपासून सुरू करीत असे.

लंडनच्या त्या मंडळींना मिनिटांची परीक्षा द्यायची होती. खाणकामगारांना दिवसभराची द्यावी लागते. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्नवॉलच्या खोल खाणींत आणि गरम खोल्यांत मोजमापे घेतली आणि १९०५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराचे तापमान चढते की नाही, हे हवेच्या साध्या तापमानावर ठरत नसून ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्यावर ठरते, असे त्यांनी दाखवले. वेट बल्ब तापमान म्हणतात ते हेच. ते फडके जेवढे सुकू शकते तेवढाच पारा खाली उतरतो, म्हणून हा आकडा उष्णता आणि ओलावा या दोहोंचा एकत्र हिशेब देतो. स्थिर हवेत, कमरेवर उघडा बसलेला माणूसदेखील वेट बल्ब ३१ अंशांच्या पुढे गेल्यावर आपले तापमान सांभाळू शकत नाही, हे हाल्डेन यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते.

तरीही पुढे शंभरेक वर्षांनी जगभर गाजला तो वेगळाच आकडा. २०१० साली स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या दोन हवामानशास्त्रज्ञांनी मांडले की वेट बल्ब तापमान ३५ अंशांवर पोहोचले तर कोणताही माणूस काही तासांच्या वर तग धरू शकणार नाही, कारण अशा हवेत त्वचा कितीही ओली असली तरी उष्णता बाहेर टाकायला तापमानाचा उतारच शिल्लक राहत नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे गणित बिनचूक आहे. त्यातला माणूस मात्र कागदावरचा होता: सावलीत, उघड्या अंगाने, पूर्ण भिजलेला, वाऱ्यात, काहीही न करता पडून राहिलेला. पुढे झाले असे की वर्तमानपत्रांत आणि चर्चांत ३५ हा आकडा मर्यादारेषा म्हणून रुळला आणि त्याखाली सर्व आलबेल आहे असा अर्थ वाचणाऱ्यांनी आपसूक काढला. हे मला या विषयातले सर्वांत घातक सुलभीकरण वाटते.

ती रेषा खऱ्या माणसांवर तपासून पाहण्याचे काम अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात लॅरी केनी यांच्या गटाने हाती घेतले. प्रयोगाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. निरोगी तरुण स्वयंसेवक प्रयोगाच्या काही तास आधी औषधाच्या कॅप्सूलएवढी एक गोळी गिळतो. तिच्या पोटात इवलासा तापमापक आणि रेडिओ प्रक्षेपक असतो. आतड्यांतून प्रवास करताना ती शरीराच्या गाभ्याचे तापमान बाहेरच्या यंत्राला कळवत राहते आणि यथावकाश शौचावाटे निघून जाते. मग त्याला हवामान-नियंत्रित खोलीत नेतात. तिथे तो सावकाश सायकल मारतो किंवा चालपट्टीवर संथ चालतो. घरात वावरताना, स्वयंपाक करताना जेवढे श्रम पडतात तेवढेच हे श्रम असतात. सुरुवातीला अर्धाएक तास गाभ्याचे तापमान थोडे चढून एका पातळीवर स्थिरावते. त्यानंतर संशोधक दर काही मिनिटांनी खोलीतला ओलावा थोडाथोडा वाढवतात, तर काही फेऱ्यांत ओलावा तसाच ठेवून तापमान वाढवत नेतात. पडद्यावरची रेघ बराच वेळ सपाट चाललेली असते आणि एका क्षणी ती वर वळते, आणि वळल्यावर पुन्हा सपाट होत नाही. त्या वळणाच्या क्षणी खोलीत जी हवा होती, ती त्या शरीराची मर्यादा.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांत दमट उष्ण हवेतली सरासरी मर्यादा वेट बल्ब ३०.६ अंशांच्या आसपास निघाली, म्हणजे गाजलेल्या ३५ पेक्षा चारेक अंशांनी खाली, आणि हाल्डेन यांच्या जुन्या आकड्याला जवळजवळ चिकटून. ही माणसे १८ ते ३४ वयाची, धडधाकट होती, हे विसरू नये. पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या निष्कर्षाने. खोली जितकी अधिक तापलेली आणि कोरडी, तितकी वेट बल्बमध्ये मोजलेली मर्यादा आणखी खाली, २५ ते २८ अंशांपर्यंत घसरत गेली. वेट बल्ब हा एकच आकडा सर्व हवामानांना पुरत असता, तर असे व्हायला नको होते.

याचे कारण घामाच्या ग्रंथींपाशी येऊन थांबते. दमट हवेत घाम भरपूर येतो पण वाळायला जागा नसते. तिथे मर्यादा हवेची असते. कोरड्या भाजणाऱ्या हवेत घाम येताक्षणी वाळतो, इतका की अंग कोरडेच वाटते. तिथे हवा आणखी कितीही घाम प्यायला तयार असते, पण ग्रंथी त्याहून जास्त घाम देऊ शकत नाहीत, आणि दरम्यान ती तापलेली हवा अंगात उष्णता ओतत असते. तिथे मर्यादा शरीराची असते. आता आमच्या घरगुती वादाचे गणित करून पाहा. नागपुरात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी वेट बल्ब साधारण २४ येतो. कोकण किनाऱ्यावर ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर तो ३० च्या घरात जातो. नुसत्या वेट बल्बवर निवाडा दिला तर चिपळूण सहज जिंकते. पण पेन स्टेटच्या मापाने कोरड्या हवेची मर्यादाही तिथेच, २५ च्या आसपास सुरू होत असल्यामुळे दोन्ही ठिकाणची माणसे आपापल्या कड्याच्या जवळपास सारख्याच अंतरावर उभी असतात. फरक एवढाच की चिपळूणच्या माणसाला आपली अवस्था चिकट कपड्यांवरून क्षणोक्षणी कळते, आणि नागपूरच्या माणसाला, अंग कोरडे असल्यामुळे, पुष्कळदा फार उशिरा कळते.

हा फरक पंख्याच्या बाबतीत अगदी व्यवहाराचा होऊन बसतो. सिडनी विद्यापीठातल्या ऑली जे यांच्या गटाने २०१९ मध्ये तरुण पुरुषांवर केलेला एक प्रयोग मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत पंखा लावल्यावर त्यांच्या गाभ्याचे तापमान आणि हृदयावरचा ताण दोन्ही कमी झाले. ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेच्या खोलीत त्याच पंख्याने दोन्ही वाढवले. गंमत अशी की परदेशी हवामान खाती जो उष्णता निर्देशांक जाहीर करतात, त्याप्रमाणे पहिली खोली दुसरीपेक्षा अधिक धोक्याची होती. ऑली जे आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी पुढे वयस्कर माणसांवरही असेच प्रयोग केले. ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत पंख्याने हृदयावरचा ताण उतरला. ४५ अंश आणि १५ टक्क्यांत तो चढला, आणि तिथे उपयोगी पडले ते ओल्या स्पंजने अंग पुसत राहणे. ४५ अंश आणि १५ टक्के म्हणजे मे महिन्यातली नागपूरची दुपार. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या वर पंख्याचा झोत अंगावर घेऊ नये असेच सांगते. ग्रंथी जेवढे पाणी देऊ शकत नाहीत तेवढे आपण बाहेरून त्वचेवर लावायचे, असा हा सरळ हिशेब आहे. पंचा भिजवून अंगावर टाकणाऱ्या आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधणाऱ्या आमच्या मागच्या पिढ्यांना तो प्रयोगशाळेशिवाय उमगलेला होता. खिशात कांदा ठेवण्याच्या उपायाबद्दल मात्र मला असे काही म्हणता येणार नाही.

सगळे संशोधक पंख्याबद्दल एकमताचे आहेत असेही नाही. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात ग्लेन केनी यांच्या गटाने वृद्धांना ३६ अंश आणि ४५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत आठ तास ठेवून पाहिले, तेव्हा पंख्याने त्यांच्या गाभ्याच्या तापमानात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वय वाढले की घाम कमी येतो, मग वारा कोणता घाम वाळवणार, असा त्यांचा मुद्दा आहे. ओटावाकडे एक दुर्मीळ यंत्र आहे, ज्यात बसलेल्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता थेट वॅटमध्ये मोजता येते. त्याच्या आधारे या गटाने दाखवले की उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता म्हातारपणी अचानक ढासळत नाही. चाळिशीतच ती उतरणीला लागलेली असते. २०२५ मध्ये याच गटाने आणखी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीपायरीने हवा बदलून काढलेली मर्यादा खरी आहे का, हे तपासण्यासाठी त्यांनी बारा स्वयंसेवकांना ४२ अंश आणि ५७ टक्के आर्द्रतेत, म्हणजे मुद्दाम त्यांच्या मर्यादेच्या किंचित पलीकडे, नऊ तासांपर्यंत बसवायचे ठरवले. गाभ्याचे तापमान कुठेही न स्थिरावता चढतच गेले आणि अनेकांना नऊ तास पूर्ण करता आले नाहीत. मर्यादेची ही रेषा किती पातळ आहे याचा एवढा थेट पुरावा त्याआधी नव्हता.

रेषा ओलांडली की शरीरात काय घडते, हे सांगताना मी नेहमी हृदयापासून सुरुवात करते. त्वचेला थंड ठेवण्यासाठी शरीर तिकडे रक्त वळवते. फार तापलेल्या माणसात मिनिटाला सहा ते आठ लिटर रक्त एकट्या त्वचेकडे जाऊ शकते, आणि विश्रांतीच्या वेळी हृदय एकूण सोडते तेच जेमतेम पाच लिटर. हे जास्तीचे रक्त आणायचे कुठून? हृदय जोराने धावते, आणि पोटातल्या अवयवांचा पुरवठा आवळला जातो. रक्त कमी पडलेल्या आणि तापलेल्या आतड्यांचे अस्तर सैल होते आणि तिथल्या जिवाणूंची विषे रक्तात उतरू लागतात. गाभ्याचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, की त्याला उष्माघात म्हणतात. त्यानंतरचा बिघाड जंतुसंसर्ग अंगभर पसरल्यावर होतो त्याच्याशी मिळताजुळता असतो: रक्त गोठण्याची यंत्रणा, यकृत, मूत्रपिंडे, एकामागून एक. उन्हाच्या लाटेत दगावणाऱ्या वृद्धांपैकी पुष्कळांच्या मृत्यूच्या दाखल्यावर मात्र उष्माघात लिहिलेला नसतो, कारण तापमान एवढे चढण्याआधीच हृदयाने हार खाल्लेली असते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला भर उन्हात लाखो लोक बसले होते आणि नंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरचे कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. आमच्याकडे ३८ म्हणजे सौम्य दिवस, आणि तेव्हा नागपुरात पुष्कळांनी तसे बोलूनही दाखवले. पण किनारपट्टीचा ओलावा, डोक्यावर थेट ऊन, दाटीत अडलेला वारा आणि तासन्‌तास एका जागी बसणे, हे सर्व त्या आकड्यात मोजलेलेच नसते. ऊन आणि वारा हिशेबात घेण्याची पद्धत तशी जुनी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या पॅरिस आयलंड तळावर मरीन दलाचे नवे शिपाई कवायतीत उष्माघाताने कोसळत होते. तेव्हा यॅग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला १० टक्के वजन देऊन एक निर्देशांक बनवला, आणि तो पाहून कवायत थांबवायला सुरुवात झाली. आज कारखान्यांत, खेळांच्या मैदानांवर आणि लष्करात जगभर तोच वापरतात. सभा-मेळाव्यांच्या परवानगीच्या अर्जात त्याला जागा का असू नये, हे मला कळत नाही.

उपचाराच्या बाबतीत संशोधनाचा कौल अत्यंत स्पष्ट आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॅल्मथ इथल्या रस्त्यावरच्या शर्यतीत अठरा वर्षांत उष्माघाताने कोसळलेल्या २७४ धावपटूंना जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवण्यात आले, आणि त्यांतला एकही दगावला नाही. आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या, असा हा क्रम आहे. आपल्याकडे तो बहुधा उलटा असतो: रिक्षा शोधण्यात, गर्दीतून वाट काढण्यात पहिला अर्धा तास जातो, आणि मेंदू वाचवण्याची संधी त्या अर्ध्या तासातच असते. टब नसेल तर पाण्याची नळी, बादल्या, ओल्या चादरी, काहीही चालते. थांबणे चालत नाही.

शरीर उन्हाला सरावते, हेही तितकेच खरे. आठवडा ते पंधरवडाभर रोज उन्हात काम केले की रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जाते. ही माहिती आपल्याला ज्या ठिकाणाहून मिळाली ते ठिकाण सुखावह नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी खोल जात होत्या, तिथली हवा तापलेली आणि दमट होती, आणि कृष्णवर्णीय मजूर उष्माघाताने मरू लागले होते. १९३० च्या दशकात सिटी डीप खाणीतले डॉक्टर आल्डो ड्रेओस्टी यांनी नव्या मजुरांना वाढत्या उष्णतेत ठराविक काम देऊन कोण टिकतो हे पाहण्याची आणि हळूहळू सरावण्याची पद्धत बसवली. पुढे सिरिल विंडहॅम यांच्या प्रयोगशाळेने तिला शास्त्राचे रूप दिले. मृत्यू घटले, यात शंका नाही. पण त्या प्रयोगांमागचा प्रश्न माणसाला किती सोसावे लागते हा नसून त्याच्याकडून किती काम निघेल हा होता, आणि ते निबंध वाचताना हे प्रत्येक पानावर जाणवते. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग करणाऱ्या एडवर्ड अॅडॉल्फ यांनी सरावाचीही एक मर्यादा दाखवून दिली: कमी पाण्यावर राहण्याचा सराव शरीराला होत नाही. इतकेच नव्हे, पाणी हाताशी असूनही घाम गाळणारा माणूस गमावले त्यापेक्षा कमीच पितो, कारण तहान मागे पडलेली असते. त्यामुळे तहान लागेल तेव्हा पिऊ, हे उन्हात राबणाऱ्याच्या बाबतीत पुरेसे नाही.

आपल्या देशात या विषयाला गांभीर्याने वळण दिले ते अहमदाबादने. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून २०१३ चा उष्णता कृती आराखडा आला, आणि नागपूरसह इतर शहरांनी पुढे तो गिरवला. पण माझ्या मते शरीराच्या बाजूने आपल्याकडे झालेले मोलाचे काम चेन्नईतल्या विद्या वेणुगोपाल यांच्या गटाचे आहे. त्यांनी स्वयंसेवकांना खोलीत आणण्याऐवजी उपकरणे कामाच्या जागी नेली: वीटभट्ट्या, पोलाद कारखाने, शेते, मिठागरे. मिठागरांत पांढऱ्या मिठावरून परतणारे ऊन खालूनही लागते, सावली औषधालाही नसते, आणि आडोसा नसल्यामुळे लघवीला जावे लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. तिथल्या कामगारांच्या मूत्रपिंडांवर दिसलेला परिणाम कोणत्याही हवामान-नियंत्रित खोलीत सापडला नसता. तमिळनाडूतल्या ८०० गर्भवतींच्या त्यांच्या पाहणीत उन्हात किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांमध्ये गर्भपाताचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या तरुणाला गोळी गिळण्यापूर्वी संमतीपत्र दिले जाते, आणि रेघ वर वळली की प्रयोग थांबतो. वीटभट्टीवरच्या जोडप्याला हजार विटांमागे मजुरी मिळते, त्यामुळे दुपारी दोन तास थांबणे म्हणजे तेवढ्या विटा कमी. गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन मे महिन्यात येतो, आणि तिथेही पुड्यांच्या मोजणीवरच पैसे मिळतात. तरी पाने तोडणारी माणसे उजाडायच्या आत जंगलात शिरतात, ऊन चढेपर्यंत परततात आणि पुडे बांधण्याचे काम दुपारी घराच्या सावलीत करतात. तिथे मोबदला कामाच्या नगावर असला तरी वेळ ठरवण्याचा अधिकार काम करणाऱ्याकडे राहिला आहे. बांधकामावरच्या, रस्त्याच्या डांबरीकरणावरच्या आणि दुपारी बारा वाजता पार्सल घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या माणसाकडे तो नाही.